इस्त्री केलेला मोर्चा

बोईसर, शुक्रवार

ती. नागोराव दाजींना कैलासचा, गुडघे वाकतील तेवढा साष्टांग नमस्कार. अक्काची कंबर कशी आहे? आमच्या इमारतीतल्या सगळ्या कंबरा बादल्या उचलून कामातून गेल्या.

दाजी, फ्लॅट घेतला, पेढे वाटले, तुम्हीही खाल्लेत. आता पुढचं ऐका. इमारतीला पूर्णत्वाचा दाखला नाही म्हणून नळ नाही, आणि दाखल्याचं विचारावं तर बिल्डर फोन उचलत नाही. उभा जन्म कारखान्यात घासून घेतलेल्या घरात टँकरची वाट बघायची! नोंदणीच्या वेळी सरकारने मुद्रांक शुल्क चोख वसूल केलं (तेव्हाच पाणी आहे का विचारायला कुणाच्या बापाचं काय जात होतं?). कर तर पगार हातात पडायच्या आधीच कापतात. घ्यायच्या वेळी मी सरकारला बरोब्बर सापडतो. पाणी मागितलं की म्हणतात, आपण कोण?

म्हणून आज मोर्चा काढला. (इथे कारखान्यांना सुट्टी शुक्रवारी असते, हे अक्काला अजून पटत नाही.) पण मध्यमवर्गाचा मोर्चा तो! चार लोक बघतील म्हणून आमच्या सौ. ज्ञानेश्वरीने माझ्या शर्टाला कडक इस्त्री केली. घरोघरी तेच. बायका ठेवणीतल्या साड्यांत, सोसायटीचे सेक्रेटरी मनीष सेंट मारून. फलकावर काय, तर ‘कृपया पाणी द्यावे, ही नम्र विनंती’. पालघरला कचेरीपुढे रांगेत उभे राहिलो, तर घोषणा कुणी द्यायची यावरून ‘तुम्ही द्या’, ‘छे छे, मान तुमचा’ एवढंच चाललं. शेजारी शिरगावच्या मासेवाल्या बायका बाजारातल्या जागेसाठी आल्या होत्या. त्यांच्यातल्या हंसाबाई आम्हाला म्हणाल्या, “तुमी मोर्च्याला आले का लग्नाला?” आणि त्यांनी अशी आरोळी ठोकली की साहेब स्वतः बाहेर आले, त्यांचं सगळं ऐकून घेतलं. मग आमच्याकडे वळून म्हणाले, “तुम्ही तर सुखवस्तू दिसता. अर्ज ठेवून जा.” दाजी, अंगाची लाही लाही झाली! आणि माझ्या तोंडून काय निघावं? “थँक्यू सर.”

आपला,
कैलास

ता.क. अक्का नवं घर बघायला लगेच निघते म्हणते, तिला तुम्हीच थोपवा. दारात आलेल्या बहिणीला पाय धुवायला तांब्याभर पाणी देता येत नाही, मला फार लाज वाटते. पाणी आल्यावर या.

आणखी एक ता.क. ज्ञानेश्वरीने पत्र वाचून कपाळावर हात मारला. पुढच्या शुक्रवारी आम्ही परत जातोय. अक्काने ओसरीवरून हाक मारली की नदीपलीकडची म्हैस घरी येते. आमच्या अख्ख्या इमारतीत असा एक गळा नाही. आंघोळीचं बघू कसंतरी. अक्काला पाठवाच.