उजवा पीळ, डावा पीळ

लकडगंज, नागपूर
दि. ८ ऑगस्ट १९७३

चि. मनोहर यास शालिकरामदादाचे अ. आ. वि. वि.

पत्र पोचलं. सहा वर्षं मद्रासला बसून तू दोरावर प्रबंध लिहितो आहेस आणि अजून एकाही दोराला हात लावलेला नाहीस. तुझ्या वहिनीला म्हटलं, बघ, धाकट्या दिराला विद्वान म्हणतात तो असा. मी चौथी पास. पण खाणीच्या उतारावरून बावीस माणसांची ट्रॉली वर ओढणारा तारेचा दोर एकोणीस वर्षं माझ्या हाताखाली आहे. त्याला कधी समीकरण लागलं नाही.

तरी तुझी करमणूक म्हणून कळवतो. दोर आखूड पडला म्हणून मागच्या महिन्यात त्याला भांडारातला दुसरा तुकडा जोडला. तेव्हापासून तो रोज वीतभर लांबतो आणि जोडापाशी गरगर फिरतो. मजूर म्हणतात भूत शिरलं. मी म्हणतो, कंपनीचं पोलाद भिकार. तुझ्या पोथीला एवढं तरी सांगता येईल का? अक्षर मोठं आलं आहे, कारण टाक खराब आहे.

प्रेमिलानं भिवापूरची मिरची पाठवली आहे. खा, म्हणजे डोकं चालेल. लोभ आहे, तो प्रबंधामुळे कमी होणार नाही.

तुझा दादा

मद्रास
दि. १५ ऑगस्ट १९७३

ती. दादांस मनोहरचा सा. न. वि. वि.

टाक खराब की हात? ओळी तुमच्या ट्रॉलीसारख्या उतारावर घसरल्या आहेत.

पोलाद भिकार, ही मीमांसा वाचून मला हसू आवरेना. एकोणीस वर्षं दोर हाताळून एवढंच कळलं? पिळलेला दोर ओढला की तो नुसता ताणला जात नाही, पीळ सोडायलाही बघतो. दोन्ही तुकड्यांचा पीळ एकाच बाजूचा असला तर जोडापाशी ते एकमेकांना अडवतात. एकाचा उजवा आणि दुसऱ्याचा डावा असला तर एकमेकांना सोडवत बसतात. जोड फिरतो, दोर लांबतो, तारा सुट्या होतात आणि एक दिवस सगळं खाली. हे माझ्या प्रबंधाचं दुसरंच पान आहे.

ज्या महाभागानं हा जोड मारला त्याला डोळे आहेत की बटणं? असल्या गाढवाला दोराजवळ उभंसुद्धा करू नका. आता चेष्टा बाजूला ठेवून सांगतो, दोर तपासेपर्यंत ट्रॉलीत माणूस बसवू नका.

वहिनींना नमस्कार. मिरचीनं डोळ्यांत पाणी आलं. माया आहे तशी ठेवावी.

आपला मनोहर

लकडगंज, नागपूर
दि. २२ ऑगस्ट १९७३

चि. मनोहर यास अ. आ. वि. वि.

स्वतः खुर्चीत बसून राबणाऱ्याला गाढव म्हणतोस, तुझी मजल मोठी. जोड उत्तम आहे. मी तपासणार नाही. ट्रॉली चालू आहे आणि चालू राहील. तुझी वहिनी म्हणते, काहून भांडून राहिले. मी भांडत नाही, तुझी कीव करतो. पुढच्या पत्रात दोर सोडून काहीही लिही.

दादा

लकडगंज, नागपूर
दि. ३० ऑगस्ट १९७३

चि. मनोहर यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

अक्षर तुझ्या वहिनीचं आहे, बोलतो मी आहे.

तुझं पत्र फेकून दिलं होतं, पण डोक्यातून जाईना. सोमवारी दुपारी सुटी व्हायच्या आधी दोराला अंगठा लावला. जोडाच्या अलीकडे तारा उजवीकडे वळत होत्या, पलीकडे डावीकडे. मधे एवढी फट की बोट आत गेलं. ट्रॉली थांबवली. बावीस माणसं मला शिव्या देत उतार चढून वर आली. त्या दिवशी शिव्या ऐकून बरं वाटलं.

जोड माझाच होता. दोन वर्षांपासून मला नीट दिसत नाही. पीळ मी अंगठ्यानंच ओळखतो. पण त्या दिवशी मॅनेजर समोर उभे होते. चाचपडताना त्यांनी बघू नये म्हणून नुसतं डोळ्यांनी बघून जोडला. बटणंच आहेत, तू बरोबर लिहिलंस. मॅनेजरला माझं नाव सांगितलं. आता दोर माझ्याकडे नाही.

तू येऊन मला डोळ्यांच्या दवाखान्यात ने. प्रबंधही आण, दुसरं पान वाचून दाखव. मला लाज वाटते, पण राग नाही. तुझा लोभ मात्र मला हवा आहे.

दादा

ता. क. भाऊजी, हे प्रेमिला लिहिते आहे. पत्र टपालपेटीत टाकायला दोघं निघालो आहोत. दारात ते मला हात धर वं म्हणाले. लग्नाला एकवीस वर्षं झाली, असं कधी म्हणाले नव्हते. लवकर या.