दोन खोल्यांवर धरलेला नेम

तीर्थरूप मामांना,

उजवा हात फडक्यात गुंडाळलेला असल्यामुळे डाव्या हातानं घातलेला नमस्कार गोड मानून घ्यावा. (अक्षराला नावं ठेवू नका, उजव्या हाताचंही असंच येतं.) मामीचे गुडघे आणि तुमचं पित्त आपापल्या जागी शांत असतील अशी आशा करतो. तुमच्या भाचेसुनेला फोनवर "बरी आहेस ना?" विचारलं की ती "हो" म्हणते आणि फोन मामीकडे देते, त्यामुळे माझ्या बायकोची तब्येत कशी आहे ते तुम्हीच कळवा. माझी तब्येत पहिल्याच ओळीत कळवली आहे आणि त्याला कारण तुम्ही आहात.

राग नाही हं, मामा. उलट तुमच्यासारखा जाणकार घरात असल्याचा अभिमानच आहे. कोल्ड स्टोरेजच्या दारात तुम्ही अर्धं आयुष्य बंदूक घेऊन उभे राहिलात. (ती एकदाही उडाली नाही, पण बटाटेही कुठं पळून जात होते?) म्हणून पिस्तुलाच्या परीक्षेला जायच्या आधी मी तुम्हालाच विचारलं आणि तुम्ही सांगितलंत की घट्ट धर, अगदी वरून धर आणि एक डोळा मीट. मी सगळं ऐकलं. आता पुढं वाचा.

परीक्षा कशासाठी ते तुम्हाला माहीतच आहे. सुरक्षा कंपनीला हत्यारी पहारेकरी हवा होता, जागा एकच, पण नोकरीबरोबर दोन खोल्या. दोन, मामा! सध्या आम्ही वर्कशॉपची सहा माणसं एका खोलीत झोपतो; एकानं कूस बदलली की बाकीच्या पाचांना बदलावी लागते. लग्नाला दोन वर्षं झाली, पण बायको तुमच्याकडे आणि मी या सहांत. तेव्हा मी नेम धरला होता तो खोल्यांवर. पिस्तूल मध्ये आलं म्हणून उडवावं लागलं.

तेही केवढं, तर मामीच्या चष्म्याच्या डबीएवढं. मला वाटलं, बाई थट्टा करताहेत. (बाई म्हणजे शूटिंग रेंजवर शिकवणाऱ्या. केस पांढरे, आवाज असा की कानांवर जाड झाकणं लावूनही ऐकू येतो.) मी तुमच्या सांगण्याप्रमाणे अगदी वरून धरलं. बाई म्हणाल्या, "खाली धर, वरचा लोखंडी भाग मागं येतो." मी म्हटलं, "आमच्या मामांनी वरून सांगितलंय." बाई म्हणाल्या, "मग मामांच्याच हातात द्यायला हवं होतं." चाप ओढला, लोखंड मागं आलं आणि अंगठ्याच्या बेचक्यातलं कातडं घेऊन गेलं. तुमचा सल्ला अजून दुखतोय.

तरी सुरुवात झकास झाली असं म्हणायला पाहिजे. गोळी सुटली की तिची रिकामी पुंगळी उडते, चटका बसेल अशी गरम. ती थेट माझ्या कॉलरीत शिरली. यावर लोक म्हणे पिस्तूल हातात घेऊनच नाचतात. मी पिस्तूल समोर ठेवलं, सदऱ्याखालून पुंगळी काढली आणि बाईंना दिली. रोज वेल्डिंगच्या ठिणग्या सदऱ्यात घेणाऱ्याला तिचं काय कौतुक? कंपनीचे साहेब मागं खुर्चीवर होते, त्यांनी मान डोलावली. मला एक खोली दिसायला लागली.

मग गोळी कुठं लागली ते पाहायला गेलो, तर कागदावरचा माणूस ठणठणीत. बाई म्हणाल्या, "डोळे मिटतोयस."

"एकच मिटला."

"दोन्ही मिटतोस रे बाबा!"

आता काय सांगू? वेल्डिंगचा टाका मारताना ठिणगीच्या आधी डोळे मिटायचे, हे तर मी पोटासाठी शिकलोय. बोट चापावर गेलं की पापण्या आपोआप खाली. आणि टाका मारण्याआधी शेजारच्यांना सावध करायला आम्ही ओरडतो, "डोळे!" तसा मी ओरडलो. शेजारच्या खणात आमच्याच वर्कशॉपचा पोत्या परीक्षा देत होता. (खरं नाव कोणालाच आठवत नाही, हे अंगावरून पडलेलं आहे.) त्यानं सवयीनं तोंड फिरवलं, डोळे गच्च मिटले आणि चाप ओढला. गोळी कागदाच्या बरोबर छातीत! साहेब टाळ्या वाजवत उठले. मिटलेले डोळे त्यांना मागून दिसत नव्हते.

मला शेवटची एक गोळी होती. काळ्या काचेमागं माझे डोळे मिटत नाहीत, म्हणून कामाच्या पिशवीतलं वेल्डिंगचं हेल्मेट चढवलं. बाईंनी कोपर धरलं आणि म्हणाल्या, "उडव, मलाही बघायचंय." डोळे टक्क उघडे होते, मामा, पण त्या काचेतून फक्त अंधार दिसतो. कागद राहिला बाजूला, पलीकडे दुसऱ्यांच्या नेमासाठी टांगलेली लोखंडी पाटी धाडकन खाली आली. नोकरी पोत्याला मिळाली. दोन्ही खोल्याही त्यालाच, आणि त्याचं लग्नसुद्धा झालेलं नाही.

तेव्हा पिस्तूल ही वस्तू भिकार आहे, माणसानं तिच्या वाऱ्याला उभं राहू नये, असं माझं मत झालं आहे. मामीला नमस्कार.

तुमच्या सल्ल्यानं घायाळ,
भाचा

ता. क. पत्र टाकायचं राहून गेलं, तेवढ्यात पोत्या नव्या खोल्यांत राहून आला. म्हणतो, एकट्याला खायला उठतात. मी म्हटलं, "उठू देत की, तुझ्याकडे पिस्तूल आहे."

ता. क. दुसरा. बाईंनी निरोप पाठवला, "पाडलीस तूच, जोडशील तूच." रविवारी जाऊन पाटी जोडली, तर शेडमध्ये अशा मोडक्या पाट्यांचा ढीग. लोक रोज मारतात, रोज पाडतात. बाईंनी मला पाट्या जोडायला कायमचं ठेवून घेतलं. शेडला लागून खोली आहे. एकच, पण ओटा आहे, वेगळं दार आहे आणि कूस बदलायला कोणाला विचारावं लागत नाही. म्हणून पिस्तुलाबद्दल वर लिहिलेलं खोडलं असं समजावं. फार गुणी वस्तू आहे, लोकांनी भरपूर उडवावी.

ता. क. तिसरा. पत्राचं खरं कारण हे, की तिला पाठवून द्या. खोलीच्या भिंतीपलीकडे दिवसभर गोळ्या चालतात हे मी तिला सांगितलेलं नाही; ते गाडीत बसवताना तुम्ही सांगा. कचरली तर म्हणावं, दोन वर्षं मामांच्या शेजारच्या खोलीत झोपलीस, त्यांचं घोरणं ऐकलंस. इथल्या गोळ्या निदान संध्याकाळी थांबतात.