भावोजींवर हक्क कुणाचा?

तीर्थस्वरूप ताईस धाकट्याचा दंडवत. गुडघा कसा आहे? मी ठणठणीत आहे, पण ती तुझ्या यजमानांची कृपा नव्हे.

भावोजी कामाला लागले का, नसतील तर परत पाठव, असं तू विचारतेस. चार माणसांत बसून कामाची गोडी लागावी म्हणून तू त्यांना माझ्या खुर्च्यांच्या कारखान्यात धाडलंस. लागली ना गोडी. दुसऱ्याचं काम बघण्याची! पहिल्याच दिवशी विकायची सगळ्यात मऊ खुर्ची त्यांनी कारागिरांच्या मधोमध ओढली (ती आता कोण घेणार? भावोजींच्या आकाराची झाली आहे) आणि बसल्या बसल्या कष्टकऱ्यांची बाजू घेतली. काम म्हणजे गुलामी, फुरसत हा माणसाचा पहिला हक्क, मालमत्ता म्हणजे दुसऱ्याच्या घामाला लावलेलं कुलूप. मी लोकांच्या दुकानांतला केर काढत इथवर आलो, हे सांगायला गेलो तर म्हणाले, "म्हणजे आधी शोषित होतास, बढती मिळून शोषक झालास." माझ्याच घरी जेवून, ताई, आणि वर "अजून वाढ" म्हणून!

वाटलं, आता कारागीर हत्यारं खाली ठेवणार. दाराआडून कान लावला, तर आत लाकूड घासल्याचा आवाज एकसारखा. घासकाम म्हणजे जांभयांचं काम. पण भावोजींचं भाषण चढलं की हातांचा वेगही चढतो. मालकाचा उद्धार सुरू झाला की खुर्चीचे पाय आरशासारखे निघतात. मिस्त्री म्हणाला, "शेठ, पाहुणे बोलायला लागले की वेळ कळत नाही. तुम्ही मात्र मध्ये येऊ नका, बेरंग होतो."

हे मी जेवताना हसत हसत भावोजींना सांगितलं, तिथेच फसलो. त्यांचा घास हातातच राहिला. फुरसतीच्या या पुजाऱ्याने माझ्या लोकांकडून दुप्पट काम करून घेतलं होतं! तेव्हापासून त्यांनी जन्मात पहिल्यांदा तोंड मिटलं आहे. तेव्हा पाठवतोच परत. असलं ऐतखाऊ रत्न तुझं तुलाच लखलाभ.

तुझा,
शोषक भाऊ

ता. क. जरा थांब. कारखान्यात सगळे पेंगताहेत. तूच भावोजींना दोन ओळी लिही. मला हव्या तेवढ्या शिव्या द्या म्हणावं, पण बोला.

आणखी ता. क. लिहू नकोस. भावोजी रागाने पिशवी भरून निघाले, तर कारागीर दारात आडवे. मिस्त्रीने त्यांचंच वाक्य त्यांना ऐकवलं, "जे सगळ्यांच्या उपयोगाचं, ते एकाच्या मालकीचं नसतं." तत्त्वापुढे भावोजींचा नाइलाज झाला, पुन्हा खुर्चीत बसले आणि बोलायला लागले. तेव्हा ते आता सामाईक आहेत. तुझाही हक्क उरला नाही, माझाही. त्यांचा लोकरी स्वेटर तेवढा पाठव. तो मात्र त्यांचा एकट्याचा आहे, असं त्यांनी बजावून सांगितलं आहे.