तिसऱ्या डिस्कवरची आजी

१२ जानेवारी, रविवार
एक तारखेपासून रोज लिहायचं ठरवलं होतं. अकरा दिवस विचारात गेले. विचार न करता लिहिणारे पुष्कळ आहेत.
सध्या मुक्काम अकोला, जठारपेठ, गफ्फारचाचांचा फोटो स्टुडिओ. काल सर्व्हर बसला. म्हणजे लग्नांचे व्हिडिओ ठेवायचा चार डिस्कांचा डबा. चाचांची मुलगी निखत म्हणे, ऑपरेटिंग सिस्टिमची छोटी ड्राइव्ह तेवढी गेली, चारही डिस्क शाबूत आहेत. नवी ड्राइव्ह टाकली की उठते. मी म्हटलं, तू एडिटिंग पाह्य, हे माझ्यावर सोड. संध्याकाळपर्यंत करतो.

१४ जानेवारी
ड्राइव्ह आणायलाच निघालो होतो. रस्त्यात पतंगवाली गच्ची लागली.

१५ जानेवारी, दुपार
दर्यापूरचे खुशालराव आले. नऊ तारखेला त्यांची आई गेली. एकवीसला तेरवी. डिसेंबरात नातीच्या हळदीत म्हातारी नाचली होती, ते फक्त आपल्या सर्व्हरवर आहे. कॅमेऱ्याची कार्डं मीच पुसून पुढच्या लग्नाला दिली. कामात शिस्त लागते. म्हणे, बाबू, तेरवीत मायले एकडाव नाचतानी पाह्यचं हाये. मी म्हटलं, काका, उद्या.

१७ जानेवारी
निखत म्हणे, ड्राइव्ह आणली का? तिला घाई फार. अमरावतीला आपला मनोज आहे, मोबाइल दुरुस्तीवाला, एक्स्पर्ट. त्याच्याकडं नेतो. पण चार डिस्कांचं ओझं कावून? स्टुडिओत एका लग्नाला एक कार्ड, वर नावाची चिठ्ठी. इथंही तसंच असणार. खुशालरावांकडचं लग्न सीझनचं तिसरं. तिसरी डिस्क काढली, गमछ्यात बांधली. निखतला अमरावतीला मनोजकडं जातो एवढंच सांगितलं, डिस्कचं नाही. उगाच टेन्शन घेते.

१८ जानेवारी
बसमध्ये चांदूर बाजारचा एक जण भेटला. त्याच्यासोबत संत्र्याचा बाजार पाहून आलो. माणसाला अनुभव पाहिजे.

१९ जानेवारी, अमरावती
मनोजच्या कॉम्प्युटरला डिस्क लावली. कॉम्प्युटरनं विचारलं, फॉरमॅट करू का? मनोज म्हणे, अबे थांब. पण एवढ्या अदबीनं विचारल्यावर नाही कसं म्हणायचं? चार तास चाललं. डिस्क आता एकदम स्वच्छ. आजी दिसली नाही. म्हणजे दुसऱ्या एखाद्या डिस्कवर असेल, सुखरूप.

२० जानेवारी, सकाळी दहा
निखतचा फोन. तिनंच नवी ड्राइव्ह टाकली, सिस्टिम चढवली, अर्ध्या तासात सर्व्हर उठला. मी म्हटलं, मी सांगतच होतो. म्हणे, आयक. एकेक व्हिडिओ चारही डिस्कांवर वाटलेला असते. एक नसली तर चालते, दोन नसल्या तर नाही. उरलेल्या तिनातली एक आत्ता, कॉपी व्हायच्या आधीच गेली. तुह्याजवळची लगेच आण. तिले काई केलं तर नाही न तू?
मी हॅलो हॅलो केलं. रेंज फुल होती.
ठरवलं. सगळं खरं सांगून टाकायचं. जेवण झाल्यावर.

दुपारी तीन
दारात खुशालराव. दर्यापूरहून मोटारसायकलवर आले, डिस्क न्यायला. पत्ता निखतनं दिला म्हणे. खांद्यावर आईचं लुगडं, धुऊन घडी केलेलं. म्हणे, बाबू, रस्त्यानं धक्के लय बसतात. गाडी तू चालव. मायले मी मांडीवर घेतो.