रुमालाखालचा भाव

१२ नोव्हेंबर, मंगळवार. बोरगाव मेघे

नाही काढणार तो परिच्छेद. आधी हे लिहून ठेवते, म्हणजे उद्या छापायला देताना माझंच मन डळमळायला नको.

व्यापारी संघाच्या स्मरणिकेसाठी लेख मागितला त्यांनीच. इंग्रज सरकारनं आपल्या प्रांतात व्यापार खातं काढलं, त्याला सल्ला द्यायला मंडळ नेमलं, त्याची जुनी फाईल मी महिनाभर वाचली. मंडळात साहेब आणि कापसाचे व्यापारी, पिकवणारा एकही नाही. आणि मंडळाचा सल्ला काय, तर बाजारातली रुमालाची पद्धत चालू राहू द्या! दलाल आणि व्यापारी रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवणार, आणि ज्याचा कापूस तो बाजूला उभा. माझे पणजोबा असेच उभे असायचे. मी चढवून लिहिलं का? नाही. फाईलमध्ये आहे तेवढंच.

आज संघाची स्मरणिकेची बैठक सुरू व्हायच्या आधीच अध्यक्ष शेठजींनी मला व्हरांड्यात बोलावलं. "मॅडम, थो रुमालाचा पॅरा काढून टाका ना. जुन्या गोष्टी काऊन उकरून राह्यल्या? आपल्या दोघातच ठरवून टाकू, बाकीच्यायले कायले सांगाचं?"

"शेठजी, हाच तर थो रुमाल," मी म्हटलं. "आत चला, सगळ्यायसमोर बोला."

ते हलले नाहीत. मग मी एकटीच आत गेले आणि तो परिच्छेद सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवला.

शेठजी दाराबाहेर, बाजूला उभे होते.