सातव्या पट्टीची खरखर

कुराशिकी,
५ फेब्रुवारी १९९९

ती. ताईस,
हिसाओचा शि. सा. न. वि. वि.

आईचा खोकला कसा आहे ते आधी कळव. इकडे सायोको बरी आहे, मीही धडधाकट आहे, फक्त डोकं ठिकाणावर नाही. त्याला कारण तू दिलेला तो बेस गिटार.

आमच्या बँडमधला ड्रमवाला ओगासा आठवतो ना? आपल्या स्वयंपाकघरात बसून डबे बडवायचा, तोच. तोक्योत त्याचं कॉफीचं दुकान आहे आणि ती इमारत आता पाडणार आहेत. एप्रिलअखेर टाळं लावण्याआधी आपण चौघांनी तिथे एकदा वाजवायचं, असा त्याचा हट्ट. मी कळवलं, की बावीस वर्षांत वाद्याला हात लावलेला नाही, मला बस चालवण्यापलीकडे काही येत नाही. त्यावर म्हणे, मग बस घेऊन ये, पण ये.

म्हणून बिछान्यांच्या कपाटातून बेस काढला. ताई, गेले तीन आठवडे डेपोतून आलो, की मी त्याच्याशी कुस्ती खेळतोय. तारांच्या खुंट्या गंजल्या होत्या. नव्या आणल्या तर त्यांचे स्क्रू भोकांना जुळेनात. का, तर तुमच्या गिटारच्या कारखान्याने अमेरिकन वाद्याची नक्कल केली ती इंचांऐवजी मिलिमीटरने! आवाजाला जरा धार यावी म्हणून तारा टेकतात त्या पुलाजवळ आवाज टिपणारा दुसरा पिकअप बसवायचं ठरवलं. खाच कोरायला घेतली तर रंगाखालून निघालं प्लायवुड. पटाशी लावली की पापुद्रे उडतात, अगदी शिळ्या पावासारखे. मान वाकली आहे आणि तिला सरळ ठेवणाऱ्या आतल्या सळईचा नट नुसता गरगर फिरतो, ना घट्ट होत ना सैल. मानेवरच्या सातव्या पट्टीवर जाडी तार अजून खरखरते. म्हणजे माझं बोट होतं तितकंच अडाणी राहिलंय.

तू नऊ वर्षं तिथे मानांवर धातूच्या पट्ट्या ठोकल्यास, म्हणून तुला विचारतो. मान धडापासून सोडवून पाहू का? लवकर लिही. लोभ आहेच, त्यात थोडा धीरही धाडावा.

तुझा,
हिसाओ

*

मात्सुमोतो,
१२ फेब्रुवारी १९९९

चि. हिसाओ यास,
अनेक आशीर्वाद.

आईचा खोकला उतरला. तुझं पत्र तिला वाचून दाखवलं. म्हणाली, हिसाओला मफलर घालायला सांग. मी म्हटलं, अगं तो शेहेचाळीस वर्षांचा आहे. तर म्हणे, मग मोठा मफलर घालायला सांग.

आता तुझ्या तक्रारी. नक्कल हा शब्द तू इतक्या सहज लिहितोस, जणू आम्ही कार्बन कागद लावून बसत होतो. एक अमेरिकन वाद्य उघडून टेबलावर ठेवलेलं होतं, पण फुटपट्टी आपली होती. ज्या फुटपट्टीने हात शिकले तिनेच मोजणार ना? जुनी भोकं चिंचोळ्या काड्या आणि सरस घालून बुजव, दोन दिवस वाळू दे, मग नवी पाड. प्लायवुड कोरताना आधी धारदार सुरीने रेघ ओढून घे, पापुद्रे उडणार नाहीत. एवढं तर सुतारसुद्धा न विचारता करतो.

पण मान सोडवू नकोस. त्या नटालाही आता हात लावू नकोस. चार स्क्रूंवर सगळा ताण असतो, एकदा सैल झाले की पुन्हा तशी मान बसत नाही. फारच अडलं तर सबंध वाद्य इकडे पाठव, मी बघते. नाही तर सरळ दुसरा बेस भाड्याने घे. एका दिवसासाठी एवढा जीव कशाला काढतोस?

सौ. सायोकोला सांग, सुकी मासळी पोचली, आई रोज चहाबरोबर मागते. रागावले असले तरी लोभ तोच आहे.

तुझी ताई,
किनुए

*

कुराशिकी,
२० फेब्रुवारी १९९९

ती. ताईस, सा. न.

मी मान सोडवली.

तिच्या टाचेवर, जो भाग धडाच्या खाचेत दडलेला असतो तिथे, लाल पेन्सिलीने मोठी फुली आहे. फुलीखाली लिहिलंय, जाळणे. त्याखाली तुमच्या मुकादमाचा, मोमोसेंचा शिक्का. मग मी मानेच्या दोन्ही टोकांना एकेक फुटपट्टी आडवी ठेवून एका डोळ्याने पाहिलं. दोन फुटपट्ट्या दोन दिशांना. मान नुसती वाकलेली नाही, पिळलेली आहे. पिळलेल्या टॉवेलासारखी.

बेस माझ्या हातात देताना तू काय म्हणाली होतीस, ते मला शब्दन् शब्द आठवतं. त्या दिवशीच्या सगळ्या वाद्यांतून सगळ्यात चांगलं निवडून आणलंय, असं म्हणाली होतीस.

आमच्या बँडच्या तोक्योतल्या रेकॉर्डिंगचं मी घरी कधी सांगितलं नाही. काचेपलीकडच्या माणसाने आम्हाला एकाच जागी अकरा वेळा थांबवलं. अकराव्या वेळी म्हणाला, बाकी तिघं ठीक आहेत, बेसवाल्याच्या हातात दम नाही. त्यानंतर दोन महिने मी रोज सकाळी डावा हात मिठाच्या पाण्यात बुडवून बसायचो, बोटं निबर व्हावीत म्हणून. मग बँड सोडला आणि घरी आलो. तेव्हा तूच स्टेशनवर आली होतीस. म्हणालीस, झालं ते झालं, बस कंपनीत माणसं घेताहेत.

बावीस वर्षं, आधी तिथली आणि लग्नानंतर इथली बस चालवत, मी स्वतःला सांगत आलो, की मला हात नव्हता. एवढंच विचारतो. तुला माहीत होतं का?

हिसाओ

*

मात्सुमोतो,
२६ फेब्रुवारी १९९९

चि. हिसाओ यास,
आशीर्वाद घेशील की नाही, माहीत नाही. मी देते आहे.

माहीत होतं.

तू विचारलंस तेवढंच उत्तर देऊन थांबणार होते, पण मग तू बाकीचं मनाने रचशील, म्हणून लिहिते. तेव्हा तू वाद्यासाठी दिवसरात्र झुरत होतास आणि बाबा ऐकत नव्हते. रंग ओघळलेलं एक धड मी मोमोसेंकडे मागितलं, त्यांनी दिलं. मान मात्र मागून मिळाली नसती. त्या वर्षी मागणी इतकी वाढली, की लाकूड पुरतं वाळायच्या आत मशिनवर चढायचं. पट्ट्या मीच ठोकल्या होत्या त्या मानेवर, दुसऱ्या दिवशी ती पिळली आणि फुली खाऊन परत आली. टाकाऊ लाकूड न्हाणीच्या बंबासाठी घरी न्यायची आम्हाला मुभा होती. त्या मोळीत घालून मी ती आणली. तीन आठवडे ओला फडका, गरम इस्त्री आणि शिकंजे, हाच धंदा केला. सरळ झाली. खरंच सरळ झाली होती रे. मला वाटलं, मोमोसेंना जमलं नाही ते मला जमलं. त्या घमेंडीतच मी सगळ्यात चांगलं असं म्हणाले.

इकडची हवा कोरडी. तोक्योचा दमट उन्हाळा तिला सोसणार नाही, हे मला कळायला हवं होतं. सातव्या पट्टीवर तार खरखरते, हात कमी पडतो, असं तू तिकडून लिहिलंस त्याच क्षणी मला कळलं. त्या रात्री सगळं खरं लिहून काढलं. पाकिटावर पत्ताही घातला.

पण बाबा अंथरुणाला खिळलेले, आईचे डोळे अधू, आणि कारखान्यातून येऊन दोघांचं करणारी मी एकटी. तू परत यावंस, असं मला वाटत होतं. मनापासून वाटत होतं. ते पत्र मी बंबात घातलं. तू आलास, तेव्हा स्टेशनवर मला आनंद झाला होता. हे सगळ्यात वाईट, म्हणून शेवटी लिहिलं.

क्षमा माग म्हणालास तर मागेन. पण मागितल्याने बावीस वर्षं सरळ होत नाहीत, हे लाकडात काम केलेल्या बाईला कळतं.

किनुए

*

कुराशिकी,
१४ मार्च १९९९

ती. वन्संना,
सायोकोचा सा. न. वि. वि.

हे पत्र मी यांना न विचारता लिहिते आहे. तुमचं पत्र आल्यापासून हे तुमचं नाव काढत नाहीत, आणि दुसऱ्या कशाबद्दलही बोलत नाहीत. मी म्हटलं, नवं वाद्य घ्या. म्हणाले, नाही, ह्याच्यावरच वाजवणार. मी म्हटलं, मग चिडता कशाला? तर म्हणाले, चिडलोय म्हणूनच.

माझी इस्त्री गेली, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. तुमच्याच पत्रातली युक्ती. मान बरीचशी सरळ झाली म्हणतात, थोडा पीळ उरलाय. आता म्हणे सगळ्या पट्ट्या उपटून काढायच्या, बोटांखालचं लाकूड घासून सपाट करायचं आणि पट्ट्यांशिवायच वाजवायचं. मी विचारलं, मग बोट कुठे ठेवायचं ते कसं कळणार? म्हणाले, कानाने. कान तरी होता की तोही नव्हता, एकदा कळू दे.

काल पहिली पट्टी ओढली तर तिच्याबरोबर लाकडाचा टवका निघाला. हे अर्धा तास अंगणात उभे होते. वन्सं, तुमच्या दोघांच्या भांडणात मी पडत नाही. पण पट्ट्या काढायची काही रीत असेल तर तेवढी कळवा. माझ्यावर लोभ आहे, तोच धरून मागते.

आपली,
सायोको

*

मात्सुमोतो,
१८ मार्च १९९९

चि. हिसाओ यास,
आशीर्वाद.

सोबत माझी पक्कड पाठवते आहे. तिचं तोंड मीच सपाट घासून घेतलं होतं, पट्टीच्या पोटाखाली बरोबर शिरते. आधी सोल्डरिंगच्या झारणीने पट्टी तापव, डिंक वितळेल. मग कडेपासून सुरू कर आणि ओढू नकोस, नुसती चावत चावत पुढे जा. पट्टी आपण होऊन वर येईल. टवका उडालाच तर फेकू नकोस, त्याच जागी सरसाने चिकटव. रिकाम्या खाचांत मेपल लाकडाच्या पातळ चिपा बसव. काच-कागद नेहमी लांब सपाट ठोकळ्याला गुंडाळून घास, हाताने नको, हाताने खड्डे पडतात. सळई मेलेली आहे, तिला तशीच राहू दे आणि हलक्या तारा लाव.

वीस पट्ट्या आहेत. प्रत्येकीला मी तीनदा हातोडी मारली होती. सगळ्या काढ.

किनुए

*

कुराशिकी,
२९ एप्रिल १९९९

ती. ताईस,
हिसाओचा शि. सा. न. वि. वि.

पक्कड मिळाली. दुसऱ्या पट्टीनंतर टवका उडाला नाही. हे मी तेव्हाच कळवायला हवं होतं, पण लिहायला बसलो की भलतंच काहीतरी उतरायचं आणि मी कागद फाडायचो. खाचा बुजवायला नऊ दिवस लागले, घासायला अकरा. दुसरा पिकअप शेवटी बसला, थोडा तिरका. सायोकोला नवी इस्त्री आणून दिली. ती आता कुलपात असते.

गेल्या शनिवारी वाजवलं. दुकानात चाळीस माणसं असतील, निम्मी ओगासाची रोजची गिऱ्हाइकं. पहिल्या गाण्यात मी प्रत्येक सुराच्या शेजारी उभा होतो, आत एकाही नाही. दुसऱ्यात घामाने बोटं घसरत होती. इतका वैताग आला, की तार तोडून खाली उतरावं. तिसऱ्यात खाली बघणं सोडलं. चौथ्यात एक लांब, संथ जागा येते, तिथे मी एकटाच असतो. ताई, तिथे तार बोलली. खरखर नाही, काही नाही, नुसता सूर, आणि तो बरोबर होता. मला कळलं, ओगासाला कळलं, त्याने मान डोलावली.

तर उत्तर मिळालं. माझा हात बरा आहे. थोर नाही. बरा आहे.

नंतर खुर्च्या आवरताना मी ओगासाला सगळं सांगितलं. मानेची फुली, पीळ, तुझं पत्र. वाटलं होतं, तो हळहळेल. तो खुर्ची खाली ठेवून माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, अरे, तुझ्या बेसची मान वाकडी आहे हे आम्हा तिघांना तेव्हाच दिसत होतं. तुला सांगितलं होतं की! आपल्या गिटारवाल्याने त्याच्या मामाचा बेस आणून तुझ्यासमोर ठेवला होता, रेकॉर्डिंगपुरता घे म्हणून. तू त्याची पेटीसुद्धा उघडली नाहीस. माझ्या ताईने स्वतः केलेला बेस वाकडा असूच शकत नाही, म्हणालास, आणि पुन्हा काही बोललो तर दात पाडीन म्हणून माझी कॉलर धरलीस.

मी म्हटलं, असं काही झालंच नाही. तो म्हणाला, नसेल झालं, कॉलर माझी होती, तुला कशी आठवणार.

परतीच्या गाडीत नागोयाच्या पुढे मला ती पेटी आठवली. तपकिरी होती, एक कडी तुटलेली, चामड्याच्या पट्ट्याने बांधलेली. मी ती पायाने बाजूला सारली होती.

राग गेला, असं लिहीत नाही, कारण गेलेला नाही. तू स्टेशनवर हसत होतीस, ते अजून डोळ्यांसमोर येतं. पण तू ते पत्र पोस्टात टाकलं असतंस, तरी मी ते मानलं नसतं. तुलाच उलटं चार शब्द सुनावले असते आणि त्याच बेसवर वाजवत राहिलो असतो. हे आता कळतं आणि त्याचा जास्त राग येतो.

मेच्या सुट्टीत दोन दिवस येतो. आईला आधी सांगू नकोस, वाट बघत दारात बसेल. भांडण उरलं असेल तर समोरासमोर करू, पत्रात ते नीट होत नाही. तोवर लोभ कमी करू नये, माझ्याकडून तो कमी झालेला नाही.

तुझा,
हिसाओ