स्पेलिंगची बी आणि आपली सावड

वडपे,
ऑक्टोबर २००७

ती. काळूरामदादास,

धाकट्या हिरामणचा नमस्कार. तुझी साखर आटोक्यात आणि वहिनींची कंबर जागेवर असेल असं धरून चालतो. आमचं विचारशील तर सगळे जिवंत आहोत, बाबा सोडून (ते तुला ठाऊकच आहे, दहाव्याला जेवून गेलास).

पत्रास कारण आमच्या रुचिकाच्या शाळेतली ‘स्पेलिंग बी’, म्हणजे इंग्रजी स्पेलिंगची स्पर्धा. नाव ऐकताच आईनं पावट्याचं बी पुरचुंडीत बांधून माझ्या हातात दिलं. “बी न्यायचा हाय ना, मंग रिकाम्या हातानं कसा जाशील?” मी मुकाट्यानं घेतलं (आईशी वाद घालायला घरात आता मी एकटाच उरलोय, आणि दमलोय). शाळेत पाहतो तर फळ्यावर भलीमोठी मधमाशी. बाई म्हणाल्या, या बीचा माशीशी संबंध नसावा. इंग्लंडातल्या खेड्यांत शेजारी मिळून एकाचं काम उरकायचे, त्या मदतीचा जुना शब्द बहुधा असा झिजला. पुढे अमेरिकेत मका सोलायला, गोधड्या शिवायला माणसं जमली तरी ती बीच, आणि शेवटी स्पेलिंगला जमली. मी न राहवून म्हणालो, म्हणजे आमची सावड, आज तुझ्या शेतात, उद्या माझ्या. बाईंनी कौतुकानं विचारलं, अजून करता? मी काही बोलायच्या आत रुचिका उभी राहिली. “न्हाय मॅडम. आजोबा गेले तवापासून आमचा भात उभाच हाय. कोन येत न्हाय.” निम्मे पालक वडप्याचेच. सगळे एकदम माशीकडे बघायला लागले (त्यांचाही दोष नाही, जमिनी गोदामांना गेल्या, शिफ्ट चुकली की खाडा). मग रुचिकाला पहिलाच शब्द आला ‘नेबर’. त्यातली न बोलणारी अक्षरं तिनं गाळली आणि बाहेर पडली.

रविवारी आम्ही तिघंच विळे घेऊन शेतात उतरलो. थोडं कापून होतं न होतं तोच आईनं माझ्या हातातला विळा काढून घेतला. “थांब. तुजा बाबा येल, मंग कापू.” मी समजावलं, रुचिका रडली. आई बांधावर बसली ती अंधार पडेपर्यंत. आता रोज जाते.

तुझा,
हिरामण

ता. क. भात कापायला म्हणून येऊ नकोस. परवाच्या पावसानं सगळा आडवा केला.

ता. क. पुन्हा. दहाव्याला तू ओटीवर बोलत होतास तेव्हा आई आतून धावत आली होती. तुझा आवाज हुबेहूब बाबांचा झालाय. एकदा ये, आणि बांधाजवळ उभं राहून तिला सांग, कापून झालं, घरी चल.